लिनक्स टाकायच्या आधी प्रिंटरचं नाव पाहा

राजेहो, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. तेव्हापासून पुसद असो, वणी असो की मोर्शी, जुना लॅपटॉप दाखवला की दुकानात एकच उत्तर: "हा आता कामाचा नाही, नवा घ्या." विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, हे खरं आहे. पण चौथ्या-पाचव्या पिढीचा आय३ त्यामुळे काही मरत नाही. त्याच्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी टाकायची फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम) मजेत चालतं.

दुसरीकडून "लिनक्स टाक, सगळं होते न भाऊ" म्हणणारेही अर्धंच सांगतात. सगळं होत नाही. काय होणार नाही, हे लॅपटॉप पाहून कळत नाही. त्याला वायरीने काय काय जोडलेलं आहे, ते आधी पाहावं लागतं.

आपले सरकार केंद्रातलं मशीन असेल तर हात लावू नका. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडपुरतंच असतं. डिजिटल सहीच्या डोंगलचंही बऱ्याचदा रडगाणं तेच. कृषी केंद्रात टॅली असेल तर तिथेही नको. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून टॅली चालते असं कोणीतरी सांगेल, पण मार्चअखेरीचा हिशोब त्या भरवशावर सोडू नये. पोरांचा अभ्यास, शाळेची पत्रं, बँकेची वेबसाइट, यूट्यूब, घरची कामं यासाठी मात्र बिनधास्त टाका.

आता प्रिंटर. कॅनन एलबीपी २९०० हा आपल्याकडे झेरॉक्सच्या टपरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळीकडे दिसतो, आणि लिनक्सवर सगळ्यात जास्त छळतो तोच. त्याची भाषा कॅप्ट नावाची, फक्त कॅननची. लिनक्ससाठी ड्रायव्हर आहे, पण जुना. आज बसला तरी पुढच्या अपडेटला टिकेल याची हमी नाही. रोज पन्नास पानं काढायची असतील तर त्या मशीनवर विंडोजच राहू द्या. एचपी लेझरजेट १०२० ची गोष्ट वेगळी. त्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) राहत नाही, प्रत्येक वेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. म्हणून एचपीलिप (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) सोबत एचपीचं प्लगइनही उतरवावं लागतं, आणि एचपीलिपची आवृत्ती बदलली की प्लगइन पुन्हा टाकावं लागतं. "काल चालत होता, आज पानच ओढत नाही" याचं कारण बहुतेक वेळा हेच. एप्सनचे टाकीवाले एल मालिकेतले प्रिंटर साधारण जोडले की चालतात.

उबुंटूची (हाही लिनक्सचाच एक प्रकार) सीडी २०११ पर्यंत पोस्टाने फुकट घरपोच मिळायची. तेव्हा एमपी३ गाणं वाजवायलाही कोडेक नावाचे जोड-प्रोग्रॅम वेगळे टाकावे लागत. ती कटकट गेली. प्रिंटरची राहिली.

मशीन कोणतं चालेल? ४ जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पण पैसे खर्चायचेच तर आधी एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कवर) खर्चा. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून २४० जीबीची साटा एसएसडी बसवली की लॅपटॉप ओळखू येत नाही. रॅम वाढवून एवढा फरक पडत नाही. २ जीबी रॅमवर मिंट सुरू होतं, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की धापा टाकतं. ३२ बिटचं मशीन असेल तर डेबियन (लिनक्सचा आणखी एक प्रकार) १३ त्यावर बसत नाही, १२ बसतं. तेवढ्यासाठी खटाटोप करावा असं मला वाटत नाही.

मिंटची डाउनलोडची फाइल जवळजवळ ३ जीबीची. मोबाइलला रोजचा दीड-दोन जीबी डेटा असेल तर एका दिवसात ती उतरत नाही, आणि ब्राउझरने उतरवताना रेंज गेली की मेहनत पाण्यात. टॉरेंटने घ्या. उद्या तिथूनच पुढे सुरू होते आणि प्रत्येक तुकडा तपासून घेते. अर्धवट फाइल पेनड्राइव्हवर टाकली तर इन्स्टॉल मध्येच "स्क्वॅशएफएस एरर" देऊन अडकतं, आणि लोक डिस्कला दोष देतात. वायफाय दिसत नसेल तर घाबरू नका. फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय कार्ड बहुतेक तिथेच मार्गी लागतं.

आणि विंडोजही सोबत ठेवायचं असेल तर त्याचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. नाहीतर लिनक्समधून विंडोजची ड्राइव्ह फक्त वाचता येते, लिहिता येत नाही.

मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही आहेत. जुनी कृतीदेव किंवा श्रीलिपीतली फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो, त्यात लिनक्सचा दोष नाही. ते फॉन्ट युनिकोडच (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) नाहीत. फॉन्टची फाइल टाकली की दिसायला लागतं. पण नवं लिखाण तरी युनिकोडमध्येच करा.

राहिली लाइट. बॅटरी मेलेला लॅपटॉप म्हणजे डेस्कटॉपच, लाइट गेली की धाडकन बंद. पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर कंसात "इनिटरामएफएस" येऊन थांबतं, तेव्हा लोक समजतात सगळं उडालं. बहुतेक वेळा काही उडालेलं नसतं. वरच्या ओळीत पार्टिशनचं (डिस्कच्या भागाचं) नाव दिलेलं असतं. इंग्रजी अक्षरांत एफएससीके (fsck) लिहा, जागा सोडा, उणे चिन्हाला लागून वाय, पुन्हा जागा, मग ते नाव जसंच्या तसं. एंटर मारा, दुरुस्ती होऊ द्या, रीबूट लिहा. महिन्यात तीनदा हेच झालं तर मात्र डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन स्मार्टचे (डिस्कच्या तब्येतीचे) आकडे पाहा. रिअॅलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदललेल्या जागा) वाढत असतील तर डिस्क जात आली आहे, आधी त्यातले फोटो दुसरीकडे कॉपी करून घ्या.

अपडेट करताना "रिलीज फाइल अजून वैध नाही" असा एरर आला, किंवा बँकेची साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणाली, तर व्हायरस शोधत बसू नका. कोपऱ्यातली तारीख पाहा. २०१५ वगैरे दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.