जुना मॅप टाकला म्हणून एक स्टार दिलेल्या साहेबांना दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब. रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला. उत्तर जरा लांबणार आहे कारण आमच्याकडं स्टिरिओ बसवलेली बाकीची मंडळीपण इथं येऊन वाचतात आणि मॅपचा हा प्रश्न काउंटरवर कुणी ना कुणी विचारतंच.

तुम्ही लिहिलंय की आमच्या साताऱ्याच्या दुकानात अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला, ऑफलाइन मॅप टाकून देतो म्हणाले, आणि आता गणपतीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन कास करून बामणोलीला निघालात तर वर गेल्यावर रेंज गेली, गुगल मॅप कोरा झाला, दुसरं ॲप उघडलं तर त्यानं कास तलावाच्या पाण्यात जाणारा रस्ता दाखवला, परत येताना पवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या भुयारी रस्त्यात, भलतंच वळण सांगितलं, आणि वर दुकानात फोन केला तर अपडेटचे 300 रुपये मागितले. जीपीएस डुप्लिकेट आहे असंपण लिहिलंय.

आधी त्या डुप्लिकेटचं बघू. तुम्ही फोटो टाकलाय त्यात करड्या स्क्रीनवर निळा बाण कासच्या दिशेला तोंड करून उभा आहे. जीपीएस खराब असता तर तो बाण साताऱ्यातच अडकून बसला असता नाहीतर कुठंतरी भरकटला असता. जीपीएस सॅटेलाइटवरून येतं, त्याला सिमकार्ड लागत नाही, इंटरनेट लागत नाही, फार तर नेट नसताना पहिल्यांदा जागा पकडायला जरा वेळ घेतं. म्हणजे गाडी कुठं आहे हे स्टिरिओला बरोबर कळत होतं, फक्त बाणाच्या खाली दाखवायला मॅप नव्हता. आणि तो का नव्हता तर त्याची मुदत संपली होती.

गुगलचा ऑफलाइन मॅप एकदा उतरवला की कायमचा आपला झाला असं लोक धरून चालतात. तसं नाही. त्याला पीयूसीसारखी तारीख असते, गाडी कितीका चांगली असेना, तारीख गेली की गेली. आता ती मुदत वर्षभरापर्यंत मिळते, पूर्वी तर 30 दिवसच मिळायची. मुदत संपायला 15 दिवस किंवा कमी राहिले की ॲप आपणहून नवीन मॅप उतरवायला बघतं पण वाय-फाय असेल तरच, कारण मोबाईल डेटावर उतरवू नको अशीच सेटिंग आधीपासून असते.

आता खरी गोम इथं आहे आणि ही गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. तुमचा मोबाईल रात्री घरात चार्जिंगला असतो, घरचं वाय-फाय असतं, त्याचा मॅप तुम्हाला न सांगता अपडेट होऊन जातो. गाडीतला स्टिरिओ रात्री काय करतो? चावी काढली की झोपतो. गाडी खाली पार्किंगला, वाय-फाय तिसऱ्या मजल्यावर. दिवसा चावी फिरवली की जागा होतो तेव्हा तुम्ही रस्त्यावर असता, मग हॉटस्पॉट कधी लावतो आपण, तर पोरांना यूट्यूब पाहिजे असतं तेव्हा, तेवढ्यापुरता, आणि लगेच बंद. स्टिरिओच्या दृष्टीनं मोबाईलचा हॉटस्पॉट म्हणजे वाय-फायच असतंय पण गाडी चालू ठेवून अर्धा तास कोण थांबतंय? त्यामुळं मोबाईलवर ऑटो अपडेट चालतं आणि गाडीत तीच सेटिंग चालू असून कित्येकदा काहीच होत नाही. अजून एक, गॅरेजवाल्यानं बॅटरी काढली की काही स्टिरिओंची तारीख चार-पाच वर्षं मागं जाते, मग नेट लागतं पण सर्व्हरशी सुरक्षित कनेक्शनच होत नाही त्यामुळं मॅप काही उतरत नाही. माणूस म्हणतो नेट स्लो आहे. आधी घड्याळ बघा.

आता पाण्यात जाणाऱ्या रस्त्याचं. कासच्या धरणाची भिंत वाढवली, पाणीसाठा वाढला तसा तलावाच्या कडेनं बामणोलीला जाणारा जुना रस्ता पाण्याखाली गेला आणि त्याला पर्यायी रस्ता काढला, हे सातारकरांना माहितीच आहे. तुमच्या ॲपनं तो जुना रस्ता दाखवला म्हणजे त्यातला मॅप भिंत वाढवायच्या आधीचा. बरं तुमच्या दुसऱ्या फोटोत पवई नाका दिसतोय, झूम करून बघा, तिथं ग्रेड सेपरेटरच नाहीये, नुसता जुना चौक आहे. ग्रेड सेपरेटर चालू झाला 2021 ला. तुमचं आमच्याकडचं बिल त्याच्या बऱ्याच नंतरचं आहे. मग आम्ही टाकलेल्या मॅपमध्ये ग्रेड सेपरेटर नसेल असं कसं होईल हो?

झालं असं की तो मॅप आमचा नाहीच. स्टिरिओ बसवताना तुम्ही जुन्या गाडीतलं मेमरी कार्ड दिलं होतं, त्यात बाबांची भजनं आणि जुनी गाणी आहेत, कार्ड तसंच ठेवा, काही पुसू नका म्हणालात. बिलावर मागच्या बाजूला पेननं लिहिलंय, कार्ड ग्राहकाचे, डेटा जसाच्या तसा. त्या कार्डात तुमच्या जुन्या ॲपचा मॅपपण होता. आमच्या पोरानं गुगलचा सातारा जिल्हा स्टिरिओच्या मेमरीत उतरवून दिला, कार्डाला हात लावला नाही कारण तुम्हीच नको म्हणाला होता.

आणि ही दुसऱ्या प्रकारची ॲप्स, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी, ऑसमँड, ऑर्गॅनिक मॅप्स वगैरे, ती वाईट नाहीत, उलट मी स्वतः कोयनेच्या बाजूला जाताना तीच वापरतो. ओपनस्ट्रीटमॅप 2004 पासून आहे, कुणीपण त्यात रस्ता काढू शकतो, दुरुस्त करू शकतो, पायवाटासुद्धा सापडतात. राज्याची फाइल एकदा घेतली की ठोसेघर, चाळकेवाडी, तापोळा कुठंपण रेंजशिवाय चालतं. पण फरक एवढाच की त्या फाइलला मुदत नसते. गुगलचा मॅप संपला की कोरा होऊन निदान सांगतो तरी, बाबा मी संपलो. ही फाइल पाच वर्षं जुनी झाली तरी त्याच रुबाबात पुढच्या वळणाला डावीकडं म्हणत राहते. मला विचाराल तर कोरा मॅप परवडला. ऑसमँडच्या फाइली महिन्याला नवीन निघतात, त्या आपण बटण दाबून घ्यायच्या असतात, आपोआप येतील म्हणून बसलं की झालं.

ग्रेड सेपरेटरचं अजून एक सांगतो, मॅप नवा करकरीत असला तरी खाली जमिनीत गेल्यावर सॅटेलाइटचा सिग्नल तुटतो, आणि गुगल ऑफलाइन असताना कुठली लेन धरा हे सांगत नाही, ट्रॅफिक सांगत नाही, दुसरा पर्यायी रस्तापण दाखवत नाही. तिथं वरच्या पाट्याच बघायच्या. तसंच कासला फुलांच्या सीझनमध्ये शनिवार-रविवारी गर्दी झाली की पोलीस एकेरी वाहतूक करतात, परतीची गाडी घाटाईकडून काढतात, तेव्हा ऑफलाइन मॅप हट्टानं मागं फिरा मागं फिरा करतो. त्याचं ऐकून उलट्या बाजूनं घुसलेले महाभाग बघितलेत मी.

आता 300 रुपये. मॅप फुकट आहे, ॲप फुकट आहे, त्याचे पैसे आम्ही कधीच घेत नाही. पैसे सांगितले ते कार्डातला डेटा बाजूला काढून, कार्ड साफ करून, गाणी परत भरून, नवीन मॅप टाकून द्यायचे. पोरगं एका गाडीवर तासभर बसतं, त्या वेळात दुसरी गाडी उभी राहते. फोनवर हे एवढं सगळं सांगितलं गेलं नसेल कदाचित, गर्दी होती, पण नुसत्या मॅप अपडेटला आमच्याकडं चार्ज नाही. कुणीपण ग्राहकानं दुकानासमोर गाडी लावावी, आमच्या वाय-फायवर अपडेट करून घ्यावं, चहा आमच्याकडून.

घरी करायचं असेल तर सोपं आहे. गाडीत बसून मोबाईलचा हॉटस्पॉट लावा, स्टिरिओवर गुगल मॅप्स उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या गोल फोटोवर टच करा, ऑफलाइन मॅप्समध्ये जा, प्रत्येक मॅपखाली मुदतीची तारीख दिसते, अपडेट दाबा. बाहेरगावी निघायच्या आदल्या रात्री करा, यवतेश्वरच्या घाटात करायला जाऊ नका. आणि मॅप उतरवताना चौकोन मोठा धरा, बरेच जण सातारा शहरापुरता धरतात आणि मग बामणोली चौकोनाच्या बाहेर राहते. मेमरी भरलेली असेल तर आधी त्यातले व्हिडिओ डिलीट करा.

तुम्ही या, कार्डाचं कामपण आम्ही करून देतो, पैशाचं नंतर बघू. भजनं जातील तशी परत येतील, काळजी नको. रिव्हर्स कॅमेऱ्यात लाइन येते असं शेवटी एका ओळीत लिहिलंय तुम्ही, ते मात्र वॉरंटीत आहे, बहुतेक मागच्या दिव्याजवळचा अर्थिंगचा जोड सैल झाला असेल, सकाळी लवकर या, दुपारनंतर गाड्यांची रांग लागते. सोमवारी दुकान बंद.