पाव आटा

दिवाळीच्या सुट्टीत माणसानं चिवडा खावा, रंकाळ्यावर चक्कर मारावी. मी एलईडी टीपॉयचा किट जोडायला घेतला. काचेखाली १६ दिवे. प्रत्येकाजवळ एक इन्फ्रारेड एलईडी आणि एक फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर. डोळ्याला न दिसणारा उजेड वर जातो, हातावर आपटून परत येतो आणि दिवा लागतो. किती परत आला म्हणजे हात समजायचा, ते एका बारक्या स्क्रूनं ठरवायचं. माणसाच्या डोक्याचा स्क्रू ढिला होतो तो इथंच.

काच ठेवली आणि सगळे दिवे एकदम पेटले. वर चिटपाखरू नाही! काचेवरूनच थोडा उजेड परत फिरत होता आणि सेन्सर त्यालाच पाहुणा समजत होता. स्क्रू पाव आटा मागं घेतला, सगळं ठप्प. पुढं घेतला, परत दिवाळी. मधली जागा केसाएवढी आणि माझा स्क्रूड्रायव्हर शिलाई मशीनचा. इन्फ्रारेड दिवेच मेलेत की काय, म्हणून मोबाईलचा कॅमेरा लावला, तर आत जांभळे मिणमिणत होते. म्हणजे दोष माझाच.

शेवटी प्रत्येक सेन्सरला काळ्या नळीचं टोपडं घातलं, तेव्हा कुठं रात्री अकराला टेबल हाताला ओळख देऊ लागलं.

"तवा तापलाय का, ते मी नुसता हात धरून बघते," ही म्हणाली. "तुमच्या टेबलाला हात जोडावे लागतात."

१० नोव्हेंबरला कागलहून मामा आले. ९ ते ११ अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीचं ऊन थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोचतं. बांधणाऱ्यांनी कुठला स्क्रू फिरवला होता देव जाणे! मामा देवळात जाण्याआधी चहाला टेकले आणि तेच ऊन आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून टीपॉयवर उतरलं. उन्हात इन्फ्रारेड मुबलक. सगळे दिवे ढणाढण.

मामांनी कपाकडं हात नेला. हाताची सावली पडली तेवढे चार दिवे विझले. हात काढला, लागले. परत धरला, विझले.

"आयला, लगा! हात धरला की विझतंय! धरल्यावर लागणारी लई बघितली." मामा वाकून काचेखाली बघायला लागले. "असं जमवायला किती दिस लागलं रं?"

"पंधरा," मी म्हटलं.