हनन्या मेला तो जमिनीपायी नव्हे

मावशीने पेटीतून सातबारा काढून टेबलावर ठेवला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘पहिल्या मंडळीसारखे जगा’, म्हणजे येशूनंतरच्या पहिल्या ख्रिस्ती लोकांसारखे, असा मथळा, खाली चार मुद्दे, पाच कबुतरं आणि ‘दहा विश्वासणाऱ्यांना पाठवा’. हाच मेसेज मला त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला होता. डिलीट करून भागत होतं. पण आता तिच्या शनिवारच्या प्रार्थनासभेतल्या ब्रदरांनी तिला विचारलंय, “बहीण, वीस गुंठे कुणासाठी राखलेत?”

मुद्दा पहिला: पहिल्या विश्वासणाऱ्यांनी सगळं विकून पैसा पुढाऱ्यांना दिला, हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा यांनी थोडा राखला, म्हणून ते मेले.

बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय पाच, वचन चार. काढा आणि वाचा. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला विचारतो, जमीन होती तोवर तुझीच होती ना? विकल्यावरही पैसा तुझ्याच हातात होता ना? म्हणजे न विकण्याची मोकळीक होती, विकून अर्धे देण्याचीही होती. ‘हे घ्या, एवढेच आले’ असं सोंग करायची मोकळीक नव्हती. तो मेला खोटेपणापायी. मावशीच्या बायबलात पहिल्या तीन वचनांखाली पेन्सिलीच्या ताज्या रेघा होत्या. चौथं कोरं!

बरं, सगळ्यांनी सगळं विकलं म्हणता, तर बाराव्या अध्यायात तुरुंगातून सुटलेला पेत्र जातो कुठे? मार्क म्हटलेल्या योहानाच्या आईच्या, मरियेच्या घरी. पुष्कळ लोक तिथे प्रार्थना करत बसलेत, दाराशी दासी येते. मरियेने घर विकलं असतं तर ही मंडळी रस्त्यावर बसली असती का? त्याच मंडळीतल्या बर्णबाने शेत विकलं, खुशीने विकलं. त्याच्या दारात कुणी सातबारा मागायला गेलं नव्हतं.

दुसरा मुद्दा, त्यांच्यात कधी वाद नव्हता. सहावा अध्याय उघडा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं म्हणून कुरकुर झाली, सात माणसं निवडावी लागली. करिंथ शहरातल्या मंडळीत तर प्रभुभोजनाला एक उपाशी आणि दुसरा झिंगलेला. पुरे.

तिसरा, ते औषध घेत नसत. प्रेषित पौलाच्या पत्रांत त्याचा सोबती लूक याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय. मावशीची बीपीची गोळी चालूच राहील.

चौथा, त्यांना इमारत नव्हती. मान्य, ते घरांतून आणि मंदिराच्या आवारात जमत. पण मग त्याच मेसेजच्या तळाशी हॉलच्या बांधकामासाठी क्यूआर कोड कशाला?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. वाटून घेणं खरं होतं. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो, की रविवारी ज्याला जमेल आणि वाटेल तेवढं तो देई, आणि ते अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांना जाई. आमच्या मंडळीच्या हिशेबात पत्रे, रंग, माइक. विधवेला नाताळात एक साडी. म्हणून असे मेसेज चालतात.

आणि मागणाऱ्याचं काय करायचं, तेही जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ म्हणजे दिदाखे हे फार जुनं पुस्तक. त्याचं हस्तलिखित 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं. नियम असा: फिरता प्रेषित आला तर एक दिवस ठेवा, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. दुसऱ्या गरजूंसाठी मागितलं, तर मात्र त्याला दोष देऊ नका.

मावशीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. “ब्रदर तर दोन वर्षं इथेच आहेत,” म्हणाली. सातबारा पुन्हा पेटीत गेला. शनिवारी मात्र जाणारच आहे, गाणी छान असतात म्हणे.