ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला आपली गोळी देऊ नका: त्या फॉरवर्डला उत्तर

परवा पारोळ्याहून आत्याचा फोन आला. पहिला प्रश्न, "भाऊ, कुत्र्याच्या गळ्यातलं ते प्लास्टिक काढून टाकू का? ग्रुपवर आलंय, त्यानेच जखम चिघळते." दुसरा प्रश्न ऐकून मी दुकानातल्या स्टुलावरून उठलोच. "आणि दुखण्यावर कॉम्बिफ्लाम अर्धी द्यायची का आख्खी?"

आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आमरस झाल्यावर बाहेर टाकलेली आंब्याची कोय तिच्या कुत्र्याने गिळली होती. ती आतड्यात अडकली. उलट्या थांबेनात, पोट दगडासारखं झालं, म्हणून रात्रीच गाडी करून त्याला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडून, आतडं कापून कोय काढली आणि टाके घातले. कुत्रं वाचलं. घरी आल्यावर मात्र हा मेसेज त्याच्या जिवावर उठला.

मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. कुत्र्याची लाळ हेच उत्तम औषध आहे, हे परदेशातही सिद्ध झालंय, म्हणून कॉलर (जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घातलेलं ते प्लास्टिक) काढा आणि जखम चाटू द्या. दुखत असेल तर डॉक्टरांची महाग औषधं नकोत, घरातली कॉम्बिफ्लाम द्या. टाक्यांवर हळद-तेल लावा. ताकदीसाठी दूध आणि तुपातला शिरा द्या. बांधून ठेवू नका, पळू द्या. टाके आपोआप विरघळतात, पुन्हा दाखवायला बोलावणं हा पैसे काढायचा धंदा आहे.

आधी गोळीचंच बोलतो, कारण बाकीच्या चुका काही वेळा निस्तरता येतात, ही पुष्कळदा येत नाही. माझं मेडिकल आहे. 'कुत्र्यासाठी' म्हणून काउंटरवर माणसांची गोळी मागणारे लोक मला नवे नाहीत, आणि मी ती देत नाही.

कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. साठ किलोच्या माणसाने ती घेतली तर किलोमागे ७ मिलिग्रॅमपेक्षा कमी आयबुप्रोफेन पडतं. दहा किलोच्या गावठी कुत्र्याला तीच गोळी दिली तर किलोमागे ४० मिलिग्रॅम. अर्धी दिली तरी २०. आणि प्रश्न नुसता वजनाचा नाही. कुत्र्याच्या शरीरात हे औषध पित्तावाटे आतड्यात उतरतं, तिथून पुन्हा रक्तात शोषलं जातं आणि आपल्यापेक्षा जास्त वेळ रेंगाळतं. पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षण करणारी आणि मूत्रपिंडाकडे रक्त चालू ठेवणारी जी द्रव्यं शरीर स्वतः तयार करतं, तीच हे औषध बंद पाडतं. मग जठरात व्रण होतात, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं रक्त येतं, शी डांबरासारखी काळी होते. डोस मोठा असेल तर मूत्रपिंडं जातात.

हे झालं धडधाकट कुत्र्याचं. आत्याचं कुत्रं उलट्यांनी कोरडं पडलेलं, भूल घेतलेलं, आतड्याला ताजे टाके असलेलं. त्याची मूत्रपिंडं आधीच ताणाखाली. शिवाय दवाखान्यातून निघताना त्याला बहुधा वेदनाशामक इंजेक्शन दिलेलं असतं. ते पुष्कळदा मेलोक्सिकॅम असतं, म्हणजे आयबुप्रोफेनच्याच कुळातलं. एकावर दुसरं चढवलं की धोका कितीतरी वाढतो. मेलोक्सिकॅमचाच डोस बघा: कुत्र्याला पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, पुढे ०.१. माणसांची १५ मिलिग्रॅमची गोळी दहा किलोच्या कुत्र्याला दिली तर रोजच्या डोसच्या पंधरा पट होते. 'औषध तेच आहे ना' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब स्वतः कागदावर मांडावा.

पॅरासिटामॉल काही वेळा पशुवैद्य कुत्र्याला देतात, हे मला मान्य करावं लागेल. पण ते वजन करून, यकृत ठीक आहे ना हे पाहून देतात. मांजराला तर एक गोळीही मारू शकते, आणि हा मेसेज 'पाळीव प्राण्यांसाठी' म्हणून मांजरवाल्यांकडेही जातोय.

एका जिवाचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही, हे आपल्या देशाने गिधाडांच्या बाबतीत पाहिलं आहे. गुरांना सर्रास टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली. २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एका डोसपुरतं करावं लागलं. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तरी हे सांगावं लागू नये.

आता लाळेचं. 'परदेशात सिद्ध झालंय' हे वाक्य हवेतून आलेलं नाही, म्हणूनच ते जास्त फसवतं. १९९० साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या हार्ट आणि पॉवेल या संशोधकांनी 'फिजिऑलॉजी अँड बिहेविअर' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. कुत्र्याची लाळ ई. कोलाय आणि स्ट्रेप्टोकॉकस कॅनिस या दोन जंतूंना मारते, असं त्यात दिसलं. कुत्री आपले सड आणि पिल्लं चाटते, त्याने पिल्लांचं या जंतूंपासून रक्षण होत असावं, असं त्यांचं म्हणणं. इथपर्यंत मेसेजवाला बरोबर आहे. पण त्याच अभ्यासात पुढे असंही आहे, की स्टॅफिलोकॉकस जातीच्या जंतूवर या लाळेचा परिणाम अगदी किरकोळ होता, दखल घेण्याजोगा नव्हता. आणि कुत्र्याच्या ऑपरेशनची जखम पिकते तेव्हा पुष्कळदा हेच स्टॅफिलोकॉकस सापडतात. म्हणजे ज्याला मारायला हवं, तोच लाळेला दाद देत नाही. शिवाय हा अभ्यास लाळ आणि जंतूंचा होता, टाके घातलेल्या पोटाचा नव्हता.

बरं, कुत्रं नुसतं चाटून थांबत नाही. टाक्याची गाठ जिभेला खुपली की ते पुढच्या दातांनी ओढतं. एक गाठ सुटली की दुसरी, आणि पोटाची चीर उघडली तर आतडी बाहेर येऊ शकतात. याला रात्र लागत नाही, आपण अंघोळीला गेलो तेवढा वेळ पुरतो. त्यात मे महिन्यातल्या माश्या. ओली जखम दिसली की माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या वळवळायला लागतात. गुरं पाळणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

कॉलरने कुत्रं बावरतं, दाराला धडकतं, भांड्यापर्यंत तोंड पोचत नाही, हे सगळं खरं आहे. आत्याचा जीव त्यामुळेच तुटत होता. पण त्याला उपाय आहेत. भांडं पाटावर किंवा विटांवर उंच ठेवा. कॉलर आणि मान यांच्यात दोन बोटं जातील इतकी सैल ठेवा. जेवताना काढायचीच असेल तर समोर बसून राहा आणि शेवटचा घास झाला की लगेच परत घाला. जुना सुती टी-शर्ट घालून चालतो का, हे डॉक्टरांना विचारा. कुत्रं कापडावरूनच चाटत असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि आपल्याकडे ४४-४५ अंशांत त्याला पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. घरात, फरशीवर, कूलरचा वारा अंगावर थेट न येता खोली गार राहील असं ठेवा. लाइट गेली तर ओल्या कापडाने पंजे पुसा, टाके भिजवू नका.

हळद-तेलाबद्दल फार बोलत नाही. टाके घातलेली जखम बंद असते, तिला आतून भरायचं असतं. वरून तेल लावलं की धूळ चिकटते, आणि हळदीच्या पिवळ्या थराखाली लाली आली, पू आला, तरी दिसत नाही. डेटॉल, फिनेल, टर्पेन्टाईन यांतलंही काही नको. डॉक्टरांनी दिलं असेल तेवढंच लावा. दिलं नसेल तर जखम कोरडी ठेवा आणि रोज उजेडात बघा.

खाण्याच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. ऑपरेशननंतर कुत्र्याला दिवसेंदिवस उपाशी ठेवायची पद्धत आता मागे पडली आहे. उलटी नसेल तर दिवसभराच्या आतच थोडं थोडं खाणं सुरू करतात, त्याने आतडं लवकर भरून येतं. पण ते खाणं म्हणजे तुपाचा शिरा नव्हे. एवढ्या तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, दुधाने पुष्कळ कुत्र्यांना जुलाब होतात, आणि शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडवू शकतात. मऊ भात, बिनहाडाची उकडलेली कोंबडी, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही, दिवसातून चार-पाच वेळा मूठ-मूठ. घरात मांसाहार नसेल तर भातासोबत काय चालेल ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पळू देण्याबद्दल: पट्टा लावून लघवी-शीला सावकाश फिरवणं चांगलंच आहे. पण कातडी भरलेली दिसली तरी आतल्या स्नायूंच्या पडद्याला ताकद यायला काही आठवडे लागतात. ओट्यावरून उडी मारली आणि आतला टाका सुटला, तर हर्निया होतो.

राहिला 'धंदा'. आतले टाके विरघळतात, हे खरं. कातडीवरचे बहुतेक वेळा नायलॉनचे असतात, ते १० ते १४ दिवसांनी काढावे लागतात. पण पुन्हा दाखवायचं खरं कारण टाके काढणं हे नाही. आतडं शिवलेल्या कुत्र्यात तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात नाजूक असतो, कारण शिवण गळायची असेल तर ती बहुधा तेव्हा गळते आणि पोटात विष पसरतं. काका फोनवर मागून म्हणत होते, "जनावर शे ते, आपोआप बरं व्हई जाई." याच दिवसांत ते आपोआप मरूही शकतं. खर्च होतो, हे मला कळतं. कुत्र्याच्या पोटाच्या ऑपरेशनला तालुक्याच्या गावाहून धुळे-जळगाव गाठायचं म्हणजे गाडीभाडंच केवढं होतं. म्हणून निदान काय बघायचं ते सांगतो.

पुन्हा उलटी सुरू झाली, खाणं सोडलं, हात लावला की पोट आवळून धरतं, हिरड्या गुलाबीच्या पांढऱ्या पडल्या, जखमेतून पाणी किंवा पू येतोय, कुत्रं उठायला तयार नाही, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ताप हाताने ठरवू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते तापलेलंच लागतं, आणि मग कोणीतरी पॅरासिटामॉल काढतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात मोजा आणि आकडा डॉक्टरांना फोनवर सांगा. चुकून माणसांची गोळी दिली गेली असेल तर तेही लपवू नका: गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता. गोळीने झालेला व्रण आणि गळलेली शिवण यांची लक्षणं सारखीच दिसतात. डॉक्टरांना गोळीचं ठाऊक नसेल तर ते चुकीच्या ठिकाणी शोधत बसतील.