‘प्राण्यांना प्लासिबो नसतो’ म्हणे!

आजारी कुत्र्यामांजरांवर हात ठेवून ‘ऊर्जा’ देण्याबद्दलचा, म्हणजे रेकीबद्दलचा, एक मजकूर फिरत फिरत दर काही महिन्यांनी माझ्याकडे येतो. त्याचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. माणसाला रेकीने बरं वाटलं तर मनाचा खेळ म्हणता येईल. पण मुक्या जनावराला कुठे ठाऊक असतं आपल्यावर उपचार चाललेत ते? त्याला प्लासिबो, म्हणजे उपचार झाल्याच्या नुसत्या समजुतीने बरं वाटणं, लागू होत नाही, तरी ते बरं होतं, म्हणजे ऊर्जा खरी. जोडीला आणखी तीन गोष्टी असतात: उपचार करणाऱ्याचे तळहात तापतात, जनावर जांभया देत झोपी जातं, आणि गुण नाही आला तरी अपाय तर नाहीच.

सगळा डोलारा पहिल्या मुद्द्यावर उभा आहे, म्हणून आधी तोच घेते.

कुत्र्याला प्लासिबो कळत नाही, कबूल. पण ‘आता बरं आहे’ हे कुत्रा कुठे सांगतो? ते आपण सांगतो, आणि आपल्याला प्लासिबो चांगलाच लागू होतो. सांधेदुखीने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. या कुत्र्यांना दिलेल्या गोळीत औषध नव्हतंच. पायावर पडणारा भार यंत्राने मोजला आणि घरच्यांना काय दिसतंय तेही विचारलं. यंत्राला सुधारणा दिसत नसताना ती घरच्यांना दिसण्याचं प्रमाण सुमारे ५७ टक्के निघालं. घरच्यांना हसू नका, डॉक्टरांचीही ४० ते ४५ टक्के वेळा तीच गत झाली होती.

यावर कुणी म्हणेल, लंगडणं हे नजरेचं काम आहे. मोजता येईल असं काही सांगा. मग फेफरं घ्या. झटके तर मोजता येतात. अपस्माराच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, मिळालेल्या २८ कुत्र्यांची आकडेवारी २०१० मध्ये एकत्र पाहिली गेली, तेव्हा त्यातल्या २२ जणांचे झटके कमी झालेले आढळले. औषधाशिवाय! यात जादू नाही. झटके, खाज, सांधेदुखी हे सगळं चढत-उतरत चालतं. आपण धावाधाव करतो ती दुखणं ऐन भरात असताना. त्यानंतर ते थोडं ओसरायचंच असतं, आणि ओसरताना ज्याचा हात अंगावर असेल त्याला श्रेय मिळतं. शिवाय रेकीच्या बहुतेक कहाण्यांमध्ये कुठेतरी मधल्या ओळीत ‘डॉक्टरांची औषधं चालूच होती’ असं लिहिलेलं सापडतं. ती ओळ आधी शोधा.

आणि प्राण्यांना प्लासिबो नसतो हे विधान तरी कुठे धड आहे? १९७५ च्या एका प्रयोगात उंदरांना गोड पाण्याबरोबर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं होतं. नंतर औषधाशिवाय नुसतं गोड पाणी पाजलं तरी त्यांची प्रतिकारशक्ती दबली. शरीर सवयीने शिकतं. त्यासाठी श्रद्धा लागत नाही.

तापणाऱ्या तळहातांचं उत्तर एका नऊ वर्षांच्या मुलीने दिलं आहे. एमिली रोझाने पडद्याच्या छिद्रांतून दोन्ही हात बाहेर काढून बसलेल्या २१ उपचारकांना एकच विचारलं: माझा हात तुमच्या कोणत्या हातावर, न टेकवता, धरलाय? २८० वेळा विचारलं, बरोबर उत्तरं ४४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. हा निबंध १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. ते उपचारक रेकीचे नव्हते, ‘थेरप्युटिक टच’चे होते, पण अंगाजवळ हात धरून ऊर्जाक्षेत्र जाणवतं हा दावा दोन्हीकडे सारखाच आहे. बाकी कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा अंश-दीड अंशाने गरम असतं. त्यावर वीस मिनिटं हात ठेवला तर तो गार कसा राहील?

जांभयांचं मात्र मला वाईट वाटतं. वारंवार जांभया देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं ही कुत्र्याची ‘मला अवघडल्यासारखं होतंय’ म्हणण्याची रीत असू शकते. मांजर तर दुखत असतानाही घुरघुरतं. आणि आजारी जनावर मलूल होऊन पडून राहतं, ते बरं वाटल्याचं नव्हे, आजाराचंच लक्षण असू शकतं. ओळखीच्या, प्रेमळ हाताने जनावर निवांत होतं हे खरंच आहे. माझी म्हातारी कुत्री मांडीवर डोकं ठेवून झोपते तेव्हा मीही तासभर हलत नाही. त्याला ऊर्जा कशाला म्हणायचं?

राहिला ‘अपाय नाही’. हातात अपाय नसतो, वाट पाहण्यात असतो. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलंय, उमासे येतायत पण बाहेर काही पडत नाही, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे हिशोब तासांचा. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर यकृतात चरबी साठू लागते. यातलं काही दिसलं तर शांत संगीत लावून बसू नका, गाडी काढा.

दवाखान्यात नंबर येईपर्यंत हात जरूर ठेवा. घरी हृदयाचा आजार असलेलं कुत्रं गाढ झोपलं असेल तेव्हाही ठेवा, छातीवर, अलगद, घड्याळ समोर घेऊन. मिनिटाला किती श्वास होतात ते वहीत लिहा. आकडा रोज तिसाच्या आत असायचा आणि आता वर राहू लागला, तर त्याच हाताने डॉक्टरांना फोन लावा.