आयक्यू 74 आला म्हणून पोराचं शिक्षण थांबवायचं? त्या फॉरवर्डला उत्तर

काल ताईचा फोन आला, बोलता बोलता रडायलाच लागली. मनीषनगरात त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लांबलचक मेसेज टाकला, वर "परदेशी संशोधनाने सिद्ध" आणि खाली मुद्दे. बुद्धी जन्मतःच ठरते आणि एका टेस्टमध्ये कळते. आयक्यू 90 च्या खाली असेल तर ट्यूशन, थेरपी सगळा पैसा पाण्यात. स्पेशल मुलं सगळी मंदबुद्धी, फक्त ऑटिझमवाली आतून जिनियस. अशी मुलं वर्गात असली की बाकीच्यांचं नुकसान, म्हणून घरी ठेवून हाताचं काम शिकवा. ताईचा मुलगा नऊ वर्षांचा, त्याचा रिपोर्ट नुकताच आलाय, आयक्यू 74. आता ती विचारते, थेरपी बंद करू का? काहून पाठवता बाप्पा असलं काहीही, समोर कोणाच्या घरी काय चालू आहे याचा विचार न करता?

सगळ्यात घातक तो 90 चा मुद्दा, म्हणून तोच आधी. आयक्यूची सरासरी 100 धरतात आणि जवळपास चौथा हिस्सा मुलं 90 च्या खाली येतातच, म्हणजे 40 पोरांच्या वर्गात दहाएक. एवढ्या सगळ्यांचं शिक्षण बंद करायचं का? बौद्धिक अक्षमतेचा विचार साधारण 70 च्या खाली सुरू होतो आणि तिथेही नुसता आकडा चालत नाही, 2016 च्या दिव्यांग कायद्यातच लिहिलंय की विचार करणं, शिकणं याच्यासोबत रोजच्या जगण्यातली कौशल्यंही बघायची. वर टेस्टमध्ये पाच-सहा पॉइंट इकडेतिकडे होतात ते वेगळंच.

आणि परदेशी कशाला जाता, आपल्या नागपूरचंच बघा ना. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरली जाणारी मिसिक ही मुलांची आयक्यू टेस्ट नागपूरच्या डॉ. ए. जे. मॅलिन यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या टेस्टवरून भारतीय मुलांसाठी तयार केली. तिच्यात शब्दांचा भाग वेगळा, हाताने करायचा भाग वेगळा, आणि आत बरेच छोटे भाग, ते काय शोभेसाठी ठेवलेत? ताईच्या मुलाचा रिपोर्ट मी उघडून पाहिला. ठोकळ्यांची नक्षी जुळवण्यात तो वयाच्या मुलांसारखाच आहे, पार खाली गेला ते आकडे उलटे सांगण्यात आणि घाईघाईने चिन्हं भरण्यात. "6, 2, 9, 4" उलटं म्हण म्हटलं की अडकतो. सगळ्याची मिळून सरासरी 74. शिकण्याची अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितात खास अडचण असलेल्या मुलांमध्ये असं वरखाली प्रोफाइल बरेचदा दिसतं, संशोधनातही आलंय, आणि शिकवायला उपयोगी पडतं ते हेच, एकटा 74 नाही.

याच मॅलिन यांनी व्हाइनलँडची सोशल मॅच्युरिटी स्केल, म्हणजे रोजच्या जगण्यातली कौशल्यं मोजायची अमेरिकन मोजपट्टीही नागपुरात भारतीय मुलांसाठी बसवली. त्यात स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, बाहेर एकटा जातो का, छोटी खरेदी करतो का हे आईबापाला विचारतात. आमचा हा पठ्ठ्या कोपऱ्यावरच्या किराण्यातून दही आणतो, शंभरची नोट दिली तर उरलेले पैसे मोजून घेतो आणि कमी असले तर दुकानदाराला तिथेच सांगतो. याला घरी बसवायचं?

"जन्मतः ठरते" यात अर्धं खरं आहे, तेवढं मानावं लागेल. अनुवंश मोठा आहे, सात-आठ वर्षांनंतर आकडा बऱ्यापैकी स्थिर होतो, शाळेच्या मार्कांशीही त्याचं नातं आहे, आणि बौद्धिक अक्षमता औषधाने जात नाही. पण ठरलेली म्हणजे दगडावरची रेघ नाही. 2018 मध्ये सहा लाखांवर लोकांच्या माहितीचा एकत्र अभ्यास झाला, शाळेचं एकेक जादा वर्ष आयक्यू 1 ते 5 पॉइंटने वाढवतं असं निघालं. तो सर्वसाधारण लोकांचा अभ्यास आहे, स्पेशल मुलांचा नाही, तरी बुद्धीवर शिकवण्याचा काहीच परिणाम नाही हे म्हणणं त्यात टिकत नाही. अन् फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसला पहिली टेस्ट काढली ती कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे कळावं म्हणून, मदत बंद करायला नाही.

बाकीचं पटकन. "स्पेशल म्हणजे मंदबुद्धी" साफ चूक. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना अडकणं, हुशार मुलांनाही असतो, 2011 च्या एका मेंदू-स्कॅनच्या अभ्यासात वाचनाच्या वेळी जास्त आयक्यूवाल्या आणि कमी आयक्यूवाल्या डिस्लेक्सिक मुलांचे मेंदू सारखेच वागताना दिसले. ऑटिझम म्हणजे जिनियस हेही नाही, अमेरिकेत 2020 च्या पाहणीत ऑटिझम असलेल्या आठ वर्षांच्या मुलांपैकी ज्यांच्या आयक्यूची नोंद होती त्यांतल्या साधारण 38 टक्क्यांचा 70 किंवा खाली होता, बाकीचे 70 च्या वर, म्हणजे सगळे प्रकार आले. आणि वर्गातल्या इतरांचं नुकसान? ब्रिटनमध्ये 2007 मध्ये यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, बहुतेक निकालांत नुकसान दिसलंच नाही.

राहिलं घरी ठेवायचं. ज्याच्याकडे 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आहे त्याला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या स्पेशल शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याच 2016 च्या कायद्यात आहे. शिकण्याच्या अक्षमतेचं सर्टिफिकेट असेल तर आपलं महाराष्ट्र बोर्ड दहावी-बारावीला जादा वेळही देतं. तर ज्यांच्या घरी असा रिपोर्ट आलाय त्यांनी सायकॉलॉजिस्टकडे परत जाऊन आतल्या एकेका भागाचे मार्क समजावून मागा. ताईला मी तेच सांगितलंय, थेरपी चालूच राहणार आहे.