हात थरथरतो म्हणजे पार्किन्सन्सच, असे नाही
‘हात थरथरला की पार्किन्सन्स समजा आणि त्याची गोळी सुरू करा’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आणि धोक्याचा आहे. पार्किन्सन्स म्हणजे कंपवात, मेंदूचा आजार. त्याचा कंप बहुधा एका बाजूने सुरू होतो. हात मांडीवर सैल पडलेला असताना तो दिसतो, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा. हात उचलला की थोडा वेळ ओसरतो. इसेन्शियल ट्रेमर या हात थरथरण्याच्या वेगळ्या आजाराचे उलट: भरलेला कप ओठांशी नेताना, सही करताना तो वाढतो, आणि सहसा दोन्ही हातांत असतो. त्यावर लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सच्या गोळीचा, उपयोग होत नाही. त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन ही औषधे देतात. पण दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल जिवावर बेतू शकते, कारण त्याने श्वासनलिका आकसतात. म्हणून उसनी गोळी कृपया घेऊच नका! थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागल्याने, तसेच साल्ब्युटामॉल (दम्याचे औषध), व्हॅल्प्रोएट (फिट्सचे औषध), लिथियम (मनोविकाराचे औषध) यांमुळेही हात कापतो. चालू औषधांची यादी आधी डॉक्टरांना दाखवा.